कोंबडा कधी कापायचा

परसात कोंबड्या पाळतो असे सांगितले की पुण्यामुंबईकडचे पाहुणे जरा आवाज खाली आणून एकच प्रश्न विचारतात: ‘मग तुम्ही कापता कसे हो?’ कापायचे कसे, हे एखाद्या जाणत्या माणसाजवळ बसून एका सकाळी शिकता येते आणि पुढे हळूहळू हातही बसतो. कधी कापायचे, हे मात्र कुणी विचारत नाही, आणि पाळणाऱ्याचे शहाणपण किंवा हयगय माझ्या मते त्याच प्रश्नाच्या उत्तरात दिसून येते. घाई केली तर हाडांना चिकटलेले चार घास हाती लागतात. उशीर केला तर दाणे वाया जातात, मांस चिवट होते, आणि काही जातींच्या बाबतीत तो पक्षी रोज थोडे थोडे सोसत राहतो. उशीर करण्यात दया असते असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही, आणि ते का, हे सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

आमचे घर पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात आहे. अंगणात गावरान कोंबड्यांचा राबता सासूबाईंच्या लग्नाच्या आधीपासूनचा आहे. त्यात थंडीच्या दिवसांत ब्रॉयलरची थोडी पिल्ले आणून वाढवण्याची भर अलीकडची, आणि ती माझी. त्यामुळे एकाच परसात दोन अगदी वेगळ्या स्वभावाचे पक्षी वाढताना पाहायला मिळतात, आणि ‘कोंबडी कधी कापावी’ या प्रश्नाला एकच एक उत्तर का देता येत नाही, हे डोळ्यांदेखत समजते.

ब्रॉयलरच्या बाबतीत प्रश्न जवळजवळ सोडवूनच तो आपल्या हाती दिलेला असतो. हॅचरीतून आलेले एका दिवसाचे पिल्लू चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचे असते आणि नीट उब, चांगले खाद्य, कोरडे तूस मिळाले तर सहा आठवड्यांत ते दोन-सव्वादोन किलोंचे होते. तोवर त्याने साधारण साडेतीन ते चार किलो खाद्य खाल्लेले असते. पहिल्या आठवड्यांत खाल्लेला दाणा न् दाणा अंगाला लागतो. पुढे पुढे अंगच मोठे झाल्यामुळे खाल्लेल्यातला बराचसा भाग ते अंग नुसते चालते ठेवण्यात खर्च होतो, आणि त्याच एका किलो खाद्यावर चढणारे वजन आठवड्यागणिक कमी होत जाते. काट्यावर दर आठवड्याला पाच-सहा पक्षी लावून पाहिले आणि पोत्याचा हिशोब जवळ ठेवला, की कोणत्या आठवड्यानंतर आपण मांसाला नव्हे तर वयाला खाऊ घालतो आहोत, हे कुणालाही कळू शकते. घरगुती पाळणाऱ्यासाठी तो आठवडा बहुधा सहावा किंवा सातवा असतो.

या पक्ष्याला इतकी घाई कुठून आली, याचा शोध घेतला तर फार मागे जावे लागत नाही. अमेरिकेतील डेलावेअर राज्यात सेसिल स्टील नावाच्या बाईंनी १९२३ साली अंड्यांसाठी पन्नास पिल्ले मागवली आणि हॅचरीच्या चुकीने पाचशे आली. त्यांनी ती परत न पाठवता मांसासाठी वाढवली आणि अठरा आठवड्यांनी, दोन पौंडांच्या आसपास वजन झाल्यावर विकली. तिकडच्या ब्रॉयलर धंद्याची सुरुवात याच लॉटपासून सांगतात. अठरा आठवडे आणि दोन पौंड, म्हणजे एक किलोलाही थोडे कमी, हा हिशोब आमच्या गावरान कोंबड्यापेक्षा फार वेगळा नाही. नंतरच्या शतकभरात जे झाले ते निवडीने झाले. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५७ सालचे वाण, १९७८ सालचे वाण आणि २००५ सालचे वाण एकाच प्रकारच्या खाद्यावर शेजारी शेजारी वाढवून पाहिले; छप्पन्नाव्या दिवशी त्यांची वजने अनुक्रमे ९०५, १८०८ आणि ४२०२ ग्रॅम भरली. ‘ब्रॉयलरला इंजेक्शन देऊन फुगवतात’ असे गावोगाव खात्रीने सांगणाऱ्यांना हे आकडे मी आवर्जून सांगते. तेच खाद्य, तेवढेच दिवस, आणि तरीही साडेचार पटींहून अधिक वजन, हे सारे पिल्लाच्या रक्तातच आहे.

ज्याच्या रक्तातच वाढ आहे, त्याला थांबता येत नाही, ही त्यातली खरी अडचण आहे. छाती आणि मांड्या ज्या वेगाने भरतात, त्या वेगाने पाय आणि काळीज तयार होत नाही. आठव्या-नवव्या आठवड्यापासून पक्षी पाण्याच्या भांड्यापर्यंत जातो आणि तिथेच बसतो; छातीखालची पिसे घासून जातात, पायाच्या सांध्यांवर काळे चट्टे पडतात, काहींच्या पोटात पाणी साचते. आमच्या वाडीतल्या एका घरी नातवाच्या जावळासाठी ब्रॉयलर वाढवलेले होते. जावळ मामाच्या सुट्टीवर अवलंबून, आणि मामाची सुट्टी पुढे पुढे जात राहिली. वजने झकास चढत होती, म्हणून सुरुवातीला घरातल्यांना त्यात काही वावगे वाटले नाही. शेवटच्या दिवसांत मी तिथे गेले तेव्हा तीन-चार पक्षी एका कुशीवर पडून मान तेवढी लांब करून दाणा टिपत होते, आणि घरातली म्हातारी त्यांच्या चोचीशी वाटीने पाणी धरत होती. तिची माया खरी होती, यात शंका नाही. पण त्या पक्ष्यांना पंधरा दिवसांपूर्वी जे मिळायला हवे होते, ते त्या वाटीत नव्हते.

म्हणून ब्रॉयलर आणायचे असतील तर कापण्याचा दिवस पिल्ले आणण्यापूर्वी पक्का करावा, असा माझा आग्रह आहे. आधी तो रविवार धरायचा, तिथून साडेसहा आठवडे मागे मोजायचे आणि त्या दिवशी पिल्ले येतील अशी नोंदणी करायची. त्या दिवशी घरात लग्न, परीक्षा, पेरणी असे काही येत असेल तर पिल्लेच आणायची नाहीत. उन्हाळ्यातला लॉट तर मी घेतच नाही, कारण पारा अडतीस-चाळिसाकडे गेला की सगळ्यांत वजनदार पक्षी दुपारी आधी मरतात, आणि मग कोणता कोंबडा कधी जाणार, हे ऊनच ठरवते. करारावर शेड चालवणाऱ्या शेतकऱ्यांना हा प्रश्न वेगळ्याच रीतीने सुटलेला दिसतो: पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, आणि उचल कधी हेही कंपनीच ठरवते. रात्री गाडी लागते, पिंजरे भरतात, सकाळी शेड रिकामे. बाजारभाव पडलेला असला की गाडी लांबते, आणि त्या लांबलेल्या दिवसांतली मर शेतकऱ्याच्या उतरलेल्या चेहऱ्यावर वाचता येते. परसातल्या माणसाला निदान एवढी मोकळीक आहे की तारीख त्याची स्वतःची असते. ती त्याने वापरावी.

गावरान कोंबड्याचे मात्र सगळेच निराळे. त्याच्या बाबतीत घाई करणे हीच खरी नासाडी. तीन महिन्यांचा गावरान कोंबडा दिसायला ऐटबाज असतो, पण हातात घेतला तर पिसांच्या आत अंग असे नसतेच. साडेचार-पाच महिन्यांवर त्याची छाती हळूहळू भरू लागते, आणि सहा महिन्यांच्या आगेमागे तो सव्वा-दीड किलोवर येऊन थबकतो. त्यानंतर वजन चढते, पण ते हाडाला, तुऱ्याला, रुबाबाला चढते. मांसातले धागे वयाबरोबर एकमेकांना घट्ट बांधले जातात. सहा महिन्यांच्या कोंबड्याला मंद आचेवर तासाभरात शिजवणारी चूल वर्षाच्या कोंबड्यापुढे दुपारपर्यंत जळत राहते. ब्रॉयलरची योग्य वेळ आठवड्याभराची असते, तर गावरानाची दीड-दोन महिने खुली राहते. सरकारी संस्थांनी परसासाठी तयार केलेल्या जाती, म्हणजे बेंगळुरूचा गिरिराज किंवा हैदराबादचा वनराज, या दोहोंच्या मधल्या. चांगल्या खाद्यावर तीन-साडेतीन महिन्यांत त्या दीड किलोच्या पुढे जातात आणि अंगणात फिरूही शकतात. ज्याला एवढी वाट पाहायची नाही पण लंगडणारा पक्षीही पाहवत नाही, त्याने त्यांचा विचार करावा.

हे दीड-दोन महिने आले हे ओळखायचे कसे? सासूबाई काटा वापरत नाहीत. रात्री कोंबड्या डालून, म्हणजे डालग्याच्या टोपलीखाली झाकून, झाल्या, अंधार पडला, की त्या डालग्यात हात घालून हव्या त्या कोंबड्याला पंखांसकट उचलतात. अंधारात कोंबडा ओरडत नाही, हातात निवांत बसून राहतो. मग त्या त्याच्या छातीच्या हाडावरून वरून खाली बोट फिरवतात. हाड कोयत्याच्या धारेसारखे हाताला लागले तर कोंबडा परत डालग्यात जातो. हाडाच्या दोन्ही अंगांनी मांस वर आलेले असेल आणि हाड त्यात बुडालेले असेल, तर बोट हाडाच्या खालच्या टोकावर जाते. ते टोक कूर्चेचे असते; कोवळ्या पक्ष्यात ते अंगठ्याने दाबले की कानाच्या पाळीजवळच्या कुरकुरीत भागाइतके लवते, आणि वय झालेल्या पक्ष्यात मुळीच लवत नाही. छाती भरलेली आणि टोक अजून लवणारे, या दोन गोष्टी एकाच वेळी हाताला लागल्या की तो कोंबडा तयार. पायाच्या मागचा काटाही त्या चाचपतात: नुसता दाण्याएवढा उंचवटा असेल तर ठीक, बोटाच्या पेराएवढा टोकदार काटा आला असेल तर त्याला शिजवायला जास्तीचे सरपण काढून ठेवावे लागते. हे सारे मोजून सांगणारा वजनकाटा मी घरात आणला त्याला बरीच वर्षे झाली, आणि त्याने सासूबाईंच्या बोटांना खोटे पाडल्याचे मला फारसे आठवत नाही.

‘ह्यो बघ,’ त्या एकदा म्हणाल्या, ‘ह्याच्या अंगाला आता काय लागायचं न्हाई. नुसतं दाणं खातंय आन् दुसऱ्यास्नी मारतंय.’

मारण्याचा हा भाग शहरी वाचकाला ठाऊक नसतो. एका वीणीत अर्धी पिल्ले नर निघतात आणि साडेचार-पाच महिन्यांत ती सगळीच आरवू लागतात. एवढ्या नरांना पुरेल इतक्या माद्या आणि इतके अंगण कुणाकडेच नसते. मग पहाटेपासून झुंजी लागतात, एखादा रक्तबंबाळ होऊन चुलीमागे दडतो, आणि तलंगांच्या, म्हणजे तरुण माद्यांच्या, पाठीवरची पिसे उपटून पाठी उघड्या पडतात. म्हणून पहिल्यांदा आरवणारा, दांडगाई करणारा आणि सर्वांत आधी भरलेला कोंबडा आधी काढावा, आणि पुढे आठवड्याला एक-दोन असे काढत जावे. सगळे एका दिवशी कापले तर खाणार कोण, हाही प्रश्न असतोच. असे थोडे थोडे काढल्याने उरलेल्यांना दाणाही जास्त येतो आणि अंगणात शांतताही राहते.

आणखी एक बाब पुस्तकी वाटेल, पण सोलताना तिचा अनुभव येतो. वाढत्या वयात पिसे झडून नवी येण्याचा काळ मध्ये मध्ये येतो. तेव्हा कातडीत पिसांचे कोवळे कोंब रुतलेले असतात, आणि त्यांच्या मुळाशी काळपट द्रव भरलेला असतो. अशा वेळी कापलेला कोंबडा कितीही गरम पाण्यात बुचकळला तरी साफ निघत नाही. एकेक कोंब चिमटीत धरून उपटावा लागतो आणि तो मध्येच फुटून कातडीवर शाई सांडल्यासारखा डाग पडतो. कातडी काढूनच टाकणाऱ्यांना याने फरक पडत नाही. आमच्याकडे मात्र गावरान कोंबडा पिसे काढून, जाळावर भाजून, कातडीसकट करण्याची पद्धत आहे, त्यामुळे पंखाखालची पिसे उलटी फिरवून कोंब आहेत का हे पाहिल्याशिवाय दिवस ठरत नाही. कोंब दिसले तर दोन-तीन आठवडे थांबायचे.

एवढे सगळे कोंबड्याकडे पाहून ठरले, तरी खरा निर्णय भिंतीवरच्या कॅलेंडरला विचारल्याशिवाय होत नाही, आणि तिथेच हा विषय मला सर्वांत रंगतदार वाटतो. सोमवार नाही, गुरुवार नाही, शनिवार नाही, चतुर्थी-एकादशी नाही, हे आठवड्याचे झाले. खरी भिंत आहे ती आषाढ अमावास्येची. एकदा श्रावण लागला की आमच्यासारख्या घरात कापाकापी बंद. त्यामागून गणपती, पितृपक्ष, नवरात्र. सुरी पुन्हा धार लावून बाहेर येते ती दसऱ्यानंतर. आषाढ अमावास्या ते दसरा हे अंतर साधारण सत्तर दिवसांचे, म्हणजे दहा आठवड्यांचे आहे. जो कोंबडा अमावास्येला एकवीस आठवड्यांचा आणि ऐन भरात आहे, तो दसऱ्याला एकतीस आठवड्यांचा, काटेवाला आणि चिवट होतो. त्यातच पावसाळ्याचे दिवस. मुंगूस, रानमांजर आणि ओल्या खुराड्यातले आजार यांचेही दहा आठवडे त्यात आले.

जुन्या बायकांनी यावर तोड काढून ठेवली आहे, आणि ती सासूबाईंकडून कळली तेव्हा मी कॅलेंडर घेऊन बसले. त्यांच्याकडे खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी, कोंबडी अंड्यांवर बसवण्याचा ठरलेला दिवस रथसप्तमीच्या आसपासचा. थंडी ओसरत असते, अंडी उन्हाने खराब होत नाहीत. एकवीस दिवस मोजले की पिल्ले बरोबर महाशिवरात्रीला बाहेर येतात. आता महाशिवरात्र ते आषाढ अमावास्या हे अंतर मोजून पाहावे. २०२५ साली महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती आणि आषाढ अमावास्या २४ जुलैला. मधले दिवस १४८, म्हणजे एकवीस आठवडे आणि एक दिवस. गावरान कोंबड्याच्या छातीचे हाड मांसात बुडावे आणि टोक मात्र अजून लवत राहावे, असे हेच वय. आखाडातल्या त्या शेवटच्या रविवारी गावोगाव जो धूर निघतो, त्याची तयारी पाच महिने आधी, पंचांग आणि कोंबडीची खुडूक यांची सांगड घालून झालेली असते. गटारी म्हणून ज्या दिवसाची आपण थट्टा करतो, त्यात पशुपालनाचा इतका चोख हिशोब दडलेला असेल असे मला लग्न होऊन इथे येईपर्यंत वाटले नव्हते. (२०२५ ची अमावास्या गुरुवारी आली, म्हणून आदल्या बुधवारीच सगळ्यांनी उरकून घेतले, हे जाता जाता.)

हा हिशोब बिघडतो तो अधिक महिन्यामुळे. २०२३ साली अधिक श्रावण आला, आणि आमच्या वाडीत त्यावरून जी चर्चा झाली ती एखाद्या न्यायाधीशाने ऐकावी अशी होती. आषाढ अमावास्या १७ जुलैला, सोमवारी होती. अधिक महिना १८ जुलैला लागला आणि निज श्रावण १७ ऑगस्टला. एका पक्षाचे म्हणणे असे की श्रावण तो निज श्रावण, अधिकात खायला हरकत नाही, तेव्हा कोंबड्यांना आणखी चार आठवडे आहेत. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की धोंड्याचा महिना, जावई घरी जेवायला येणार, पुरणाचे धोंडे होणार, त्या महिन्यात अंगणात रक्त सांडायचे नाही. सासूबाई दुसऱ्या पक्षात. म्हणजे आमच्या घरी १६ जुलैच्या रविवारनंतर थेट २४ ऑक्टोबरचा दसरा; मधे चौदा आठवडे. त्या रविवारी कापण्याजोगे जेवढे होते तेवढे कापून, उरलेले जिवंत कोंबडे पहिल्या पक्षातल्या शेजाऱ्यांना देऊन टाकले, आणि त्यांनी ते पुढचे चार आठवडे सावकाश खाल्ले. एकाच वाडीत दोन पंचांगमते असली तर अशी सोय होते.

अधिक महिना श्रावणाच्या आधी कुठेही पडला तरी मधे आणखी तीस दिवस शिरतात, आणि रथसप्तमीचा नियम चालवला तर कोंबडे पंचवीस आठवड्यांवर जातात. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे आषाढ अमावास्या १२ ऑगस्टपर्यंत लांबते. अशा वर्षी अंडी महिनाभर उशिरा, म्हणजे पाडव्याच्या सुमारास पिल्ले बाहेर येतील अशा बेताने ठेवावी लागतात. पाडवा १९ मार्चचा धरला तर अमावास्येपर्यंत एकशे सेहेचाळीस दिवस होतात आणि पुन्हा तेच एकवीस आठवडे जुळतात. कोंबडी त्याच वेळी खुडूक होईल याची हमी अर्थातच नाही. तिच्यापुढे पंचांगाचे काही चालत नाही.

काही वेळा या सगळ्या गणितांना बाजूला सारणारी कारणे येतात. लॉटला रक्ती हगवण लागली आणि औषध पाण्यातून दिले, तर त्या औषधाच्या वेष्टनावर मांसासाठी जेवढे दिवस थांबायला सांगितले असेल तेवढे थांबलेच पाहिजे, मग रविवार हुकला तरी चालेल. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आली की वाडीत उलटी घाई सुरू होते. मरण्याआधी कापून घेऊ या, असे म्हणत लोक सुस्त पडलेले पक्षीही कापू लागतात. हे मला साफ अमान्य आहे. आजारी पक्षी खाण्यासाठी नसतो, तो चुना टाकून खोल पुरण्यासाठी असतो. लस वेळेवर टोचणे हा त्यावरचा उपाय, आणि तो दोन महिन्यांच्या वयातच करायचा असतो. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा लाखो पक्षी सरकारी पथकांनी मारून पुरले. अशा वेळी कधी आणि किती, हे दोन्ही प्रश्न पाळणाऱ्याच्या हातून जातात.

दिवस ठरला की घटकाही ठरवावी लागते. पोटात दाणा असताना कापलेला पक्षी साफ करताना घाण होते आणि मांसाला लागते, म्हणून दहा-बारा तास दाणा बंद, पाणी मात्र चालू, असे सांगतात. जुनी पद्धत यासाठी वेगळे काही करतच नाही. कोंबड्या दिवस मावळताना डालल्या जातात, रात्रभर काही खात नाहीत, आणि कापायचा तेवढा एक सकाळी डालग्याखालीच राहतो; बाकीच्यांना उठवून बाहेर सोडायचे. गळ्याखालची अन्नाची पिशवी तोवर रिकामी झालेली असते. पकडण्यासाठी अंगणभर धावाधाव नाही, त्यामुळे पक्षी घाबरून धापा टाकत सुरीखाली येत नाही. जत्रेत बोकडावर सुरी फिरवण्याचा मान आमच्याकडे मुलाण्यांचा. कोंबड्यासाठीही सासऱ्यांच्या काळात त्यांनाच बोलावणे जायचे, आता घरातलेच कुणीतरी करते. माझा हात चालतो, पण सुरीला धार लावण्याचे काम मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. बोथट सुरीसारखा दुसरा अन्याय नाही.

पाणी उकळते नको. उकळत्या पाण्यात कातडी शिजते आणि पिसांबरोबर फाटून येते. बोट क्षणभर बुडवून लगेच काढावे लागेल इतके, म्हणजे साठ-पासष्ट अंशांचे पाणी पुरते. पंखाचे लांब पीस सहज ओढून आले की कोंबडा बाहेर काढायचा. पुढे सासूबाईंचे आणि माझे एकच भांडण आहे. कापल्यानंतर थोड्याच वेळात मांस ताठरते आणि काही तासांनी पुन्हा सैल पडते. त्या मधल्या वेळेत शिजवलेले चिवट लागते. म्हणून एकतर ते ताठरण्याच्या आत चुलीवर चढले पाहिजे किंवा रात्रभर फ्रिजमध्ये झाकून ठेवले पाहिजे. मी फ्रिजच्या बाजूची. त्यांच्या मते फ्रिजमध्ये ठेवलेला कोंबडा आणि दुकानातून आणलेला कोंबडा यांत काही फरक उरत नाही. ब्रॉयलर माझ्या पद्धतीने होतात आणि गावरान त्यांच्या. या तहावर घर चालले आहे.

कोंबड्यांच्या बाबतीत, म्हणजे माद्यांच्या बाबतीत, कधी हा प्रश्न वर्षांनी मोजायचा असतो. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, बारा-पंधरा झाली की खुडूक होते, पिल्ले सांभाळते, पुन्हा अंड्यावर येते. चौथ्या-पाचव्या वर्षी अंडी मोजकी होतात, पण तोवर तिने घरातल्या निम्म्या कोंबड्यांना लहानाचे मोठे केलेले असते. सासूबाई अशी कोंबडी कापतात ती बाळंतिणीसाठी किंवा तापातून उठलेल्यासाठी, कारण जुन्या कोंबडीच्या अळणी पाण्याला जी चव आणि जो दाटपणा असतो तो कोवळ्या कोंबड्यात येत नाही. हळद, मीठ, आले एवढेच घालून ती तासन् तास मंद आचेवर राहते आणि मांसापेक्षा पाण्याचेच महत्त्व असते. कारण आल्याशिवाय म्हातारी कोंबडी कापायची नाही, असा त्यांचा दंडक आहे आणि तो मला पटतो. कारण न येताच एखादी म्हातारपणाने मेली तर तिला परसात पुरतात. तेव्हा त्या दाणे फुकट गेल्याचा हिशोब काढत नाहीत.

यंदाच्या वीणीतले कोंबडे आता हाताला भरू लागले आहेत. पहिले दोन येत्या रविवारी जातील, हे ठरले. त्याहून अवघड गोष्ट अजून ठरायची आहे, ती म्हणजे राखायचा कोणता. पुढच्या पिल्लांचा बाप एकच असणार आणि त्याला तर कापायचेच नाही. सासूबाईंचे मन लाल, पिवळ्या पायांच्या कोंबड्यावर आहे, कारण घार आली की तो ओरडून सगळ्यांना आडोशाला नेतो. मला करडा हवा आहे: तो तीन आठवडे आधी भरला, आणि अजून कुणाच्या अंगावर गेलेला नाही. लाल राखला तर करडा रविवारच्या दोघांत जातो, करडा राखला तर लाल. यजमानांना विचारले, तर ते म्हणाले की रस्सा दोघांचाही चांगलाच होईल.